उगाच कशाला त्रास

आमच्या डोंबिवलीच्या घरापासून कॅथलॅब असलेलं हॉस्पिटल रिक्षाने बारा मिनिटांवर आहे. मध्यरात्री रस्ता मोकळा असेल तर नऊ. बाबांना तिथे पोचायला साडेपाच तास लागले.

पाऊस नव्हता, रस्ता खोदलेला नव्हता (डोंबिवलीत हे मुद्दाम सांगावं लागतं), नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या. पैशांचीही तशी अडचण नव्हती, माझ्या कंपनीच्या विम्यात आईबाबा दोघंही आहेत. ते साडेपाच तास आम्ही तिघांनी मिळून घालवले. साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात, एकमेकांची झोप न मोडता, अत्यंत सभ्यपणे.

माझं भांडण त्या सभ्यपणाशी आहे.

रात्री साडेबाराला बाबांना छातीवर दडपण आल्यासारखं वाटलं. नंतर मला सांगताना ते म्हणाले, "दुखत नव्हतं गं. कुणीतरी पाटा आणून ठेवल्यासारखं वाटत होतं." रात्री जेवायला वांग्याचं भरीत होतं, त्यामुळे आरोपी लगेच सापडला. फ्रिजमधलं थंड दूध प्यायले. एकच्या सुमाराला पित्ताची गोळी घेतली. मग गॅस सरकावा म्हणून गॅलरीत फेऱ्या मारल्या. दोनला डावा खांदा ठणकायला लागला. कुशीवर झोपल्यामुळे असेल असं त्यांनी ठरवलं. पावणेतीनला आईला जाग आली. तिने ओवा आणि काळं मीठ दिलं, पाठ चोळली, आणि विचारलं, "अहो, मनूला उठवू का?"

"नको. तिला सातची लोकल पकडायचीय. उगाच कशाला त्रास."

मी भिंतीपलीकडे होते. दीडपर्यंत तर जागीच होते, कानात इअरफोन घालून कुणाच्या तरी लग्नाचे रील्स बघत.

पावणेपाचला बाबांना उलटी झाली, त्या आवाजाने मी उठले. ते बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले होते. डोक्यावर पंखा चालू, आणि बनियन पिळून काढावा इतका घाम. आता तुम्हाला वाटेल की इथून पुढे शिकलेली मुलगी सूत्रं हातात घेते. मी इंजिनिअर आहे, आरोग्यावरचे पॉडकास्ट ऐकते, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधते. मी म्हणाले, "बाबा, ॲसिडिटी वाढलीय तुमची." मग फोनवर शोधलं. मग फॅमिली ग्रुपवर टाकलं. मामा पहाटे उठतात, त्यांनी लगेच एक फॉरवर्ड पाठवला: छातीत दुखत असेल तर जोरजोरात खोकायला सांगा. बाबा बिचारे खोकले. यात वीस मिनिटं गेली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून मी त्यांना तीन जिने चालवत खाली आणलं. वॉचमनकाका धावत आले, तर त्यांनाही हसून सांगितलं, "काही नाही काका, जरा गॅसेस झालेत."

पहिल्यांदा गेलो ते कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये. ड्युटीवरच्या डॉक्टरने ईसीजी न काढताच गॅसचं इंजेक्शन दिलं आणि मोठे सर नऊला येतील, तोवर पडून राहा म्हणून सांगितलं. बाबांच्या कपाळाकडे बघून मला बाजूला घेतलं ते तिथल्या सिस्टरने. "ताई, इथे थांबू नका," एवढंच म्हणाली. सहाला आम्ही मोठ्या हॉस्पिटलात पोचलो. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी पूर्ण बंद होती.

बाबा वाचले. ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. हृदय एका ठोक्याला आतल्या रक्तातला किती हिस्सा बाहेर फेकतं, तो आकडा निरोगी माणसात साधारण 55 टक्के किंवा त्याच्या वर असतो. बाबांचा 32 आहे. तो आकडा कसा दिसतो तेही सांगते. पूर्वी बाबा भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर गाणं गुणगुणत चढायचे. आता पहिल्या जिन्यावर एकदा, दुसऱ्यावर दोनदा थांबतात, आणि थांबल्यावर मोबाईल काढून बघतात, म्हणजे कुणाला वाटावं की मेसेज आलाय.

झटक्यात नेमकं काय होतं ते आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर साठलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते, वाट बंद होते. त्या वाहिनीवर जगणाऱ्या स्नायूला रक्त मिळत नाही. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच तो स्नायू मरायला लागतो आणि पुढचे काही तास मरत राहतो. मेलेला भाग पुन्हा उगवत नाही, तिथे नुसता व्रण राहतो. याच वेळात हृदयाचा ताल बिघडून ते अचानक थांबूही शकतं. त्याला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात. हार्ट अटॅक म्हणजे पाण्याची लाइन तुंबणं आणि अरेस्ट म्हणजे पंपच बंद पडणं. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, आणि कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणजे बाबा गॅलरीत फेऱ्या मारत होते तेव्हा त्यांच्या हृदयाचा एकेक तुकडा मरत होता, आणि आम्ही ओवा शोधत होतो.

आम्ही काही वेगळे नाही. 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये 'क्रिएट' नावाचा अभ्यास छापून आला. भारतातल्या 50 शहरांतली 89 हॉस्पिटलं, 20 हजारांहून जास्त रुग्ण. त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटलात पोचेपर्यंतचा मध्य काढला तर तो 360 मिनिटं निघाला. सहा तास. निम्मे लोक त्याहूनही उशिरा पोचले होते. त्या हिशोबाने आमचे बाबा अर्धा तास लवकरच आले म्हणायचे! हॉस्पिटलात गेल्यानंतर गुठळी विरघळवणारं औषध मिळेपर्यंतचा मध्य मात्र 50 मिनिटांचा होता. सरकार, डॉक्टर, रस्ते यांना शिव्या घालायला मला आवडतं आणि त्याला जागाही भरपूर आहे. पण मोठा वेळ हॉस्पिटलच्या दाराबाहेर जातो. त्यातला काही रस्त्यावर जातो, काही पैशांच्या जुळवाजुळवीत. पण आमचा सगळा घरात गेला, आणि माझा अंदाज आहे की तुमच्याही घरात तसाच जाईल.

का जातो?

आमच्या मोठ्या काकांची गोष्ट सांगते. मी बारावीत होते तेव्हा ते रात्री जेवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. दहाव्याला घाटावर जमलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता: "भाग्यवान. कुणाला त्रास न देता गेले." अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला काही करावं लागलं नाही, सोन्यासारखं मरण. मीही मान डोलावली होती. पुढे कित्येक वर्षांनी काकू एकदा सहज बोलून गेली की त्या संध्याकाळी ते जेवताना दोनदा उठून बसले होते, छाती चोळत होते, आणि "जरा पडतो" म्हणून आत गेले होते. म्हणजे काहीतरी होत होतं. चार-पाच तास होत होतं. काका अंधारात एकटेच ते सोसत होते आणि बाजूला काकू झोपलेली होती. यात सोनं कुठे आहे? ते फक्त आपल्याला सोयीचं होतं. आपली झोप मोडली नाही, म्हणून आपण त्यांना सर्टिफिकेट दिलं.

बाबा त्या घाटावर माझ्या शेजारी उभे होते. त्या दिवसापासून ते म्हणायचे, "दादासारखं मरण यायला हवं." मग साडेबारा वाजता छातीवर पाटा आला तेव्हा त्यांनी तेच केलं, जे केल्यावर लोक चांगलं म्हणतात. मुलीला उठवलं नाही.

आपल्याकडे दुखणं सांगणं हीच मुळी एक मागणी असते, आणि मागणी करणारा माणूस कमीपणा घेतो. बाप आजारी पडतो तेव्हा त्याला बरं वाटत नाही म्हणून वाईट वाटत नाही, तो कामाला येत नाही म्हणून वाईट वाटतं. म्हणून तो दुखण्याला आधी एक छोटं, घरगुती, बिनखर्चाचं नाव शोधतो. गॅस. हा शब्द मला आता ऐकवत नाही. त्यात जेवणावर आळ घेता येतो, हसता येतं, ढेकर आली की केस बंद करता येते. 'गॅस झालाय' म्हटलं की कुणी घाबरत नाही, आणि कुणी घाबरलं नाही की आपण त्रास दिला नाही. रोगाचं निदान करायला हा शब्द कुणी वापरतच नाही. तो असतो चर्चा थांबवायला.

आणि हा शब्द चुकीचा ठरतो तो मूर्खपणामुळे नाही. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदनेच्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच पट्ट्यात शिरतात. वरच्या मजल्यावर बसलेल्या मेंदूला खालून बेल वाजते तेव्हा ती नेमकी कोणत्या खोलीतून वाजली ते कळत नाही. म्हणूनच दुखणं खांद्यात जातं, हातात जातं, जबड्यात, पाठीत, बेंबीच्या वर जातं. मळमळतं. ढेकर येते, पित्ताची गोळी घेतल्यावर जरा बरंही वाटतं, आणि तरीही तो झटका असू शकतो. पंचवीस वर्षं हृदय बघणारा डॉक्टरसुद्धा नुसतं वर्णन ऐकून छातीठोक सांगत नाही. तो ईसीजी काढतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी थोड्या वेळाने पुन्हा काढतो, रक्तात ट्रोपोनिन तपासतो आणि काही तासांनी परत तपासतो. जे त्याला यंत्राशिवाय जमत नाही ते आपल्याला मिसळणाच्या डब्यासमोर उभं राहून कसं जमणार होतं?

सिनेमाने यात आपलं फार नुकसान केलंय. सिनेमातला बाप मुलीने पळून जाऊन लग्न केल्याची बातमी ऐकतो, छाती धरतो, "आह" म्हणतो, कोसळतो. पार्श्वसंगीत. त्यामुळे आपल्या डोक्यात झटका म्हणजे असह्य कळ आणि कोसळणं. जो माणूस चालतोय, बोलतोय, स्वतः जिना उतरतोय, त्याला झटका कसा असेल? श्रेयस तळपदेचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. डिसेंबर 2023, वय 47, दिवसभर ॲक्शनचं शूटिंग. शूटिंगनंतर डावा हात दुखायला लागला, तेव्हा स्नायू ताणला गेला असेल असं वाटल्याचं त्यानेच नंतर मुलाखतीत सांगितलं. तो गाडीत बसून घरी गेला. बायकोने लगेच हॉस्पिटलकडे नेलं, वाटेत तो कोसळला, आणि तो आज काम करतोय कारण दार अगदी जवळ आलेलं होतं. त्याच्या बायकोने काय केलं ते पुन्हा वाचा. तिने ओवा शोधला नाही.

अजून एक. हे सगळं वयस्कर पुरुषांचं आहे असं समजून तुम्ही स्क्रोल करत असाल तर थांबा. 'इंटरहार्ट' नावाच्या जगभरच्या अभ्यासातून 2007 साली आलेला आकडा आहे: पहिला झटका येण्याचं सरासरी वय आपल्या दक्षिण आशियाई लोकांत 53, बाकीच्या देशांत जवळजवळ 59. आपल्याला सहा वर्षं आधी येतो. सरासरी 53 म्हणजे बरेच जण त्याच्याही आतले. तुमच्या ऑफिसातला तो रोज रात्री अकरापर्यंत बसणारा, सिगरेट आणि चहावर जगणारा अडतीस वर्षांचा मॅनेजर त्यांच्यात असू शकतो. 'तो तर जिमला जातो' हे उत्तर ईसीजीला चालत नाही.

आणि आई? बाबांनी निदान दूध प्यायला उठण्याचा तरी आवाज केला. माझ्या आईच्या छातीवर पाटा आला असता तर मला कधीच कळलं नसतं. बायकांनाही छातीत दुखतं, पण त्यांच्यात बरेचदा नुसती धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, विचित्र गळून गेल्यासारखं वाटणं, असं येतं. मधुमेहींमध्ये तर दुखणं फारसं न जाणवताही झटका येऊ शकतो. आता सांगा, आपल्या घरातली पन्नाशीची मधुमेही बाई "आज फार गळल्यासारखं होतंय" म्हणाली तर तिला कोण ईसीजीला नेतं? "जरा पड थोडा वेळ," असं म्हणतात, तेही फार प्रेमळ घर असेल तर. नाहीतर "आज पोळ्या नको, भातच लाव." बाबा म्हणाले 'उगाच कशाला त्रास', ते निदान म्हणाले तरी. आई ते म्हणतसुद्धा नाही. तिचं सगळं आयुष्यच त्या वाक्यात गेलंय.

माझ्या मैत्रिणीला हे सगळं ऐकवलं तेव्हा ती भडकली. म्हणाली, "म्हणजे प्रत्येक ढेकरेला हॉस्पिटल गाठायचं? आणि ती लोकं काय, बसलेलीच आहेत स्टेंट टाकायला." तिचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण त्यामागे खरं काहीतरी आहे. स्टेंटच्या किमतीत इतकी लूट होती की फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारला कमाल किंमत ठरवून द्यावी लागली. आणि ज्यांचं दुखणं स्थिर आहे, चालल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं, अशा बहुतेकांना नुसत्या स्टेंटने औषधांपेक्षा जास्त आयुष्य मिळत नाही, हे 2007 आणि 2019 सालच्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलंय. तेव्हा तुमच्या बाबांना कुणी हेल्थ चेकअपच्या रिपोर्टवरून 'उद्याच स्टेंट टाका' म्हणालं, तर जरूर दुसरं मत घ्या, तिसरंही घ्या. पण वाहिनी आत्ता, या क्षणी तुंबलेली आहे आणि स्नायू मरतोय, तेव्हा हिशोब पूर्ण उलटा होतो. तिथे वाट उघडणं हाच इलाज असतो, आणि जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. हॉस्पिटलवरचा अविश्वास आपण नेमका त्या रात्री वापरतो जेव्हा तो सगळ्यात महाग पडतो.

राहिला प्रश्न ढेकरेचा. हो, छातीत दुखणं घेऊन जाणारे बहुतेक लोक झटक्याचे नसतात. ते घरी परत येतात. त्यांचे काहीशे रुपये ईसीजीला जातात, रक्ततपासणीचे आणखी थोडे, एका रात्रीची झोप जाते आणि थोडी लाज वाटते. माझ्या मते आपण घाबरतो ते या लाजेलाच. पैसे आपण पिझ्झावरही घालवतो. पण पहाटे चारला चारचौघांना उठवून, रिक्षा करून, दवाखान्यात जाऊन 'काही नाही, गॅस आहे' हे ऐकून परत यायचं, आणि मग शेजारच्या काकूंनी सकाळी हसून विचारायचं, "काय, नुसता गॅस होता म्हणे?" हे सहन होत नाही. मरण चालेल, पण फजिती नको!

ज्यांना खरोखर पैशांची भीती वाटते, त्यांच्यापुढे मात्र मी असं तोंड वर करून बोलणार नाही. त्याच 'क्रिएट' अभ्यासात महिनाभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण गरिबांत 8.2 टक्के आणि श्रीमंतांत 5.5 टक्के होतं, आणि मिळालेल्या उपचारांतला फरक हिशोबात धरल्यावर हे अंतर नाहीसं झालं. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नसतं, त्याला मिळणारे उपचार वेगळे असतात. ज्या माणसाला आयसीयूचं बिल डोळ्यांपुढे दिसतं, तो 'गॅस असेल' म्हणतो तेव्हा तो प्रार्थना करत असतो. त्याला एवढंच सांगता येईल की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आणि जीव धोक्यात असलेल्या माणसाला वाचवण्यासाठी हात लावणं हे सरकारी-खाजगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने 1989 सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. काउंटरवर हे ऐकवायला नातेवाइकांतला एक भांडकुदळ माणूस सोबत न्यावा. प्रत्येक घरात एक असतोच.

आता मामांच्या फॉरवर्डबद्दल. खोकण्याने हृदय सुरू राहतं ही गोष्ट मूळ हॉस्पिटलातल्या मॉनिटर लावलेल्या, डॉक्टर शेजारी उभा असलेल्या एका खास प्रसंगातली आहे. घरी एकट्याने करायचा उपाय म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा ती मान्य करत नाही. तरी ती दर दोन महिन्यांनी येते, सोबत लसूण, आलं, लाल मिरचीचं पाणी. सॉर्बिट्रेटची गोळी पाकिटात ठेवून दिसेल त्याला जिभेखाली देणारे परोपकारी गृहस्थही आहेत. ती गोळी रक्तदाब खाली आणते. काही प्रकारच्या झटक्यांत, किंवा त्या माणसाने व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर, तीच घातक ठरू शकते. ज्याला डॉक्टरने लिहून दिलीय, त्याची ती आहे. अशा वेळी जी खरोखर कामाची असते ती साधी ॲस्पिरिन, साधारण 300 मिलिग्रॅम, गिळायची नाही तर चावून खायची. तीही त्या माणसाला ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव नसेल तरच, आणि शक्यतो फोनवर डॉक्टरला विचारून. आमच्या घरात पित्ताच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या. ॲस्पिरिन नव्हती.

फोन कुणाला, तर 108 ला. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. हे मला त्या रात्री माहीत होतं, नंबरही पाठ होता. केला नाही, कारण सायरन वाजला असता आणि सगळी बिल्डिंग जागी झाली असती. गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर जी मिळेल ती गाडी घ्या, पण ज्याला दुखतंय त्याला स्टिअरिंगवर किंवा स्कूटरवर मागे बसवू नका. जिने चालवू नका. मी चालवले, ते तीन जिने मला अजून स्वप्नात दिसतात. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणता आलं असतं. चार माणसं हवी होती, म्हणजे चार दारं वाजवायला हवी होती. माणूस निपचित पडला, हाक मारून हलत नाही, नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. बरगडी मोडेल म्हणून हात आखडू नका.

आणि आज, आत्ता, दुखत नसताना, एक गोष्ट शोधून ठेवा: तुमच्या आईबाबांच्या घराजवळ चोवीस तास कॅथलॅब चालू असलेलं हॉस्पिटल कोणतं, आणि तसं नसेल तर निदान ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणारं कोणतं. पुण्या-मुंबईत राहून गावाकडे फोन करणाऱ्यांनी तर नक्कीच. गोव्यात लहान सरकारी हॉस्पिटलात काढलेला ईसीजी मोबाईलवरून गोवा मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांकडे जातो, ते इंजेक्शन तिथल्या तिथेच दिलं जातं, आणि मग माणसाला पुढे हलवतात. लहान गावातही हे होऊ शकतं. पण त्या यंत्रणेच्या दारापर्यंत कुणीतरी जावं लागतं, आणि आपण तर खाटेवरून उठत नाही.

परवा, म्हणजे गेल्या महिन्यात, रात्री दोन वाजता माझ्या दारावर टकटक झाली. बाबा उभे होते. "मनू, जरा छातीत..." एवढं म्हणून थांबले. मी चपला शोधत होते तोवर आईने समोरच्या दोन्ही बेल वाजवल्या होत्या. जोशीकाका लुंगीवर आले, वरच्या मजल्यावरची इंजिनिअरिंगची पोरं आली, खुर्ची आली. बाबा खुर्चीत ताठ बसून तीन मजले उतरले, वरातीतल्या नवऱ्यासारखे. ईसीजी काढला, तासाभराने पुन्हा काढला. ट्रोपोनिन दोनदा तपासलं. सहा वाजता डॉक्टर म्हणाल्या, "काही नाही. ॲसिडिटी आहे."

बाहेर टपरीवर आम्ही तिघांनी चहा घेतला. बाबांचा बिनसाखरेचा. रिक्षात बसल्यावर ते बराच वेळ बाहेर बघत होते. स्टेशनच्या पुलावर आलो तेव्हा म्हणाले, "जोशींना उगाच..." आणि गप्प झाले. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं की जोशींची लुंगी सुटली होती ते तिने पाहिलं का.